मदत हवी आहे: घराजवळचे पतंग (मॉथ) नोंदवायचे कसे?

नमस्कार मंडळी, पक्षी-फुलपाखरं बघायची सवय जुनीच आहे पण यंदाच्या पावसाळ्यात नाद लागलाय तो रात्रीच्या पतंगांचा. घर देवरुखजवळ, मागच्या दारापासूनच जांभूळ, ऐन, किंजळीचं रान सुरू होतं, त्यामुळे पडवीतल्या दिव्यावर काय काय येतं विचारू नका. ॲटलस नावाचा मोठा पतंग कळतो, वीतभर पंखाला कोण चुकणार. पण बाकीची जनता सगळी तपकिरी, करडी, भिंतीला चिकटून बसलेली, आणि फोटो काढून ॲपला विचारलं की दर वेळी वेगळंच नाव सांगतं.

तर प्रश्न असे. एक, पडवीत एलईडी लावल्यापासून येणारे पतंग बरेच कमी झालेत असं वाटतंय, हे खरंच असतं का, आणि पांढरी चादर टांगून तिच्यावर दिवा सोडून बघायचं तर बल्ब कुठला घ्यावा? (लाईट जाणं हा वेगळाच विषय, इथे पाऊस पडला की गेलीच.) दोन, फोटो नेमका कसा काढायचा म्हणजे जाणकाराला ओळखता येईल? तीन, गेल्या आठवड्यात एक जाडजूड पतंग आला, पाठीवर चक्क कवटीसारखी खूण, काडीने जरा सरकवला तर चिरचिर आवाज केला! आई म्हणाली अपशकुनी आहे, दिवा बंद कर. हा कोण? आणि चार, तगरीवर हिरवा, बोटाएवढा सुरवंट आहे, पुढच्या बाजूला दोन निळे डोळे काढल्यासारखे, त्याला ठेवू की झाड वाचवू?

रानमेवा:
आईला सांगा अपशकुन वगैरे काही नाही, तो डेथ्स हेड हॉकमॉथ. मधमाश्यांच्या पोळ्यात घुसून मध पितो आणि आवाज सोंडेतून हवा आतबाहेर करून काढतो. आपल्याकडे दोन जाती दिसतात, अकेरोन्शिया स्टिक्स आणि अकेरोन्शिया लॅकेसिस. मागचे पंख पिवळे आणि त्यावर दोन काळे पट्टे असतील तर स्टिक्स, मागच्या पंखाच्या मुळाशी मोठा काळा डाग असेल तर लॅकेसिस. आता तुमच्या फोटोत पंख मिटलेले असणार म्हणजे झालं, अकेरोन्शिया एवढंच लिहा. जातीपर्यंत नाव लिहिलंच पाहिजे असा काही नियम नाही, उलट चुकीच्या नावाची नोंद पुढे कोणीतरी खरी धरून चालतो त्यापेक्षा हे बरं.

तगरीवरचा सुरवंट म्हणजे ओलिएंडर हॉकमॉथ, कण्हेरीवरही असतो. झाडाला काही होत नाही, पानं परत येतात. पाळायचा असेल तर जाळीच्या डब्यात रोज ताजी तगर द्या, तळाला माती आणि पाचोळा ठेवा, तो खाली उतरून कोषात जातो. आणि सुरवंट कुठल्या झाडावर मिळाला ते लिहून ठेवाच, अशा नोंदी फारच कमी असतात.

उंबराचं_फूल:
एलईडीबद्दल तुमचं बरोबर आहे. बहुतेक घरगुती एलईडीतून अतिनील (यूव्ही) किरण जवळपास येतच नाहीत आणि पतंगांना खेचतात ते मुख्यतः तेच. जुने लोक १६० वॅटचा मर्क्युरी बल्ब वापरतात, त्याला चोक लागत नाही, पण हल्ली सहज मिळत नाही, प्रचंड तापतो आणि पावसाचा थेंब पडला की तडकतो. तुम्ही अतिनील ट्यूब किंवा यूव्ही एलईडी घ्या, पॉवर बँकवर चालणारे मिळतात म्हणजे लाईटचा प्रश्नही मिटला. फक्त त्याच्याकडे टक लावून बघू नका, डोळ्याला वाईट. अमावस्येच्या आसपास, वारा नसलेली, दमट रात्र बघा. आणि पहाटेच्या आधी दिवा बंद करून चादर हलकेच झटका, नाहीतर उजाडताच दयाळ आणि कोतवाल येऊन सगळी मेजवानी उडवतात.

फोटो अगदी वरून, समोरासमोर एक, मग बाजूने एक, शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) दिसतील असा. मापासाठी जवळ पट्टी ठेवा. पंखाला हात लावू नका, खवले झडतात आणि ओळख जाते ती जातेच. तारीख, वेळ, ठिकाण, कुठला दिवा, पाऊस होता की नाही हे त्याच रात्री लिहायचं, सकाळी आठवत नाही. मग आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साईटवर टाका, तिथे घराचं नेमकं ठिकाण झाकता येतं, आणि मॉथ्स ऑफ इंडियाच्या साईटवर फोटो ताडून बघा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात नॅशनल मॉथ वीक असतो, २०१२ पासून, तेव्हा ओळखून देणारेही जास्त जागे असतात.

एक मात्र, वनखात्याच्या हद्दीत चादर लावायची तर आधी परवानगी. घराच्या पडवीत कोणी विचारत नाही.

रानमेवा:
दिव्याला न येणारेही असतात बरं का. जास्त पिकलेली केळी, गूळ, थोडी बिअर कालवून झाडाच्या खोडाला फासा, घुबड्या डोळ्यांचे मोठे एरेबस पतंग त्यावर येतात.

धागाकर्ता:
दोघांचे खूप आभार! यूव्ही ट्यूब मागवतो. बिअरचं आईला काय सांगायचं ते बघतो, नुसत्या ताडीवर भागेल का?