मदत हवी आहे : सिलिअ‍ॅक असताना जिभेची आग

सिलिअ‍ॅकचे निदान होऊन मला १४ महिने झाले (या आजारात गव्हातील ग्लुटेन हे प्रथिन पोटात गेल्यास आतड्याला इजा होते); गहू, मैदा, रवा पूर्ण बंद आहेत आणि पोट आता शांत आहे, परंतु जिभेची आग काही केल्या थांबत नाही. जीभ कडेने लालबुंद व गुळगुळीत झाली आहे, गालाच्या आत वरचेवर फोड येतात आणि तांबडा रस्सा तर दूरच, कोमट वरणभातही झोंबतो.

लोह, बी-१२ व फॉलिक अ‍ॅसिड कमी पडल्यास असे होते म्हणून तपासण्या केल्या. फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) ९, म्हणजे कमी आले, बाकी ठीक आहे. लोहाच्या गोळ्या १० आठवडे चालू आहेत. टूथपेस्टही बदलून पाहिली. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते, हे मला फार उशिरा कळले; तोही बंद केला.

आता शंका गिरणीची आहे : ज्वारी मी स्वतः निवडून नेते, पण त्याच जात्यावर आधी गहू दळलेला असतो. टीटीजी तपासणी (ग्लुटेन पोटात जाते आहे का, याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) पुढच्या महिन्यात आहे आणि घरघंटी सध्या परवडणारी नाही.

कोल्हापुरात गहू अजिबात न दळणारी गिरणी कोणास माहीत आहे का, आणि ज्यांची जीभ अशी झाली होती, त्यांना लोह भरून आल्यावर किती दिवसांत आराम पडला?