मदत हवी आहे: आजोबांची जुनी दुनळी बंदूक, ६५ मिमी काडतुसं कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी. मी पाटण तालुक्यातला. आजोबांची १२ बोअरची दुनळी वारसाहक्काने रीतसर माझ्या परवान्यावर आली आहे. इंग्लिश बनावट, वजनाला एकदम हलकी. नळ्यांच्या बुडाशी मुकुटाखाली ‘एनपी’ आणि शेजारी २½ इंच असा ठसा आहे. म्हणजे बर्मिंगहॅमला नायट्रो पावडरसाठी (बिनधुराच्या दारूसाठी) तपासलेली, पण चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, ६५ मिमीचं.

दुकानात विचारलं तर ७० मिमीचीच काडतुसं पुढे करतात. "बसतंय की, मग काय अडचण?" बसतं, हे खरं, कारण ७० मिमी ही उडवल्यानंतर उलगडलेल्या काडतुसाची लांबी. न उडवलेलं आखूड असतं. पण बार उडाला की दुमडलेलं तोंड चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात उघडतं, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. त्यात ७० मिमीच्या काडतुसात छरे-दारूचा भारही बहुधा जास्त. इतक्या हलक्या बंदुकीत मी तो घालणार नाही.

एकाने चेंबर वाढवून घ्यायला सांगितलं. माझं मन होत नाही. नळीची भिंत तिथेच पातळ होते आणि जुन्या प्रूफलाही (नळीच्या दाब-चाचणीच्या ठशालाही) अर्थ उरत नाही.

सातारा, सांगली, कोल्हापूर किंवा पुण्यात ६५ मिमी काडतुसं कोणाकडे मिळतात? चेंबर आणि नळीची जाडी गेजने मोजून देणारा परवानाधारक कारागीर कोणी पाहिलाय का? घरी काडतुसं भरण्याला आपल्याकडे वेगळी परवानगी लागते का, हेही जाणकारांनी सांगावं.

शिकारीचा विषय नाही, १९७२ च्या कायद्याने ती बंदच आहे. बंदूक चालू स्थितीत जपायची आहे.