बुधला, पखाल, कालबूत: कातड्याला आकार देण्याचे शब्द

प्रश्न

आमच्याकडची दिवटी-बुधली तांब्याची आहे. खंडोबाच्या कुळाचाराला दिवटी पेटवायची आणि बुधलीतून तिच्यावर तेल घालायचं, एवढंच मला ठाऊक होतं. परवा मोल्सवर्थच्या कोशात (१८५७ची आवृत्ती) 'बुधला' पाहिला, तर तेल-तूप ठेवायचं कातड्याचं भांडं निघालं! पोट फुगलेलं, मान निमुळती, असं भांडं कातड्याचं करायचे कसे? शिवलं तर शिवणीतून तेल झिरपणारच. आणि ओल्या कातड्याला असा आकार देण्याला मराठीत क्रियापद काय? एका अनुवादात 'चर्मसाचेकरण' वाचलं आणि पुस्तक मिटलं.

प्रतिसाद १

बुधले-कुप्पे करताना आधी मातीचा गाभा घडवत, हव्या त्या आकाराचा. त्यावर भिजवलेलं कच्चं कातडं किंवा त्याचे तासलेले पातळ तुकडे थरावर थर चिकटवत. वाळताना कातडं आकसतं आणि गाभ्याला घट्ट बसतं. कडक वाळलं की आतली माती फोडून मानेतून काढून टाकायची. राहतं ते टणक, हलकं, पडलं तरी न फुटणारं भांडं. बैलाच्या पाठीवरून तूप न्यायचं तर मातीच्या घागरीपेक्षा हे केव्हाही बरं.

यात तेल-तूपच का, पाणी का नाही? कच्चं कातडं पाण्याने पुन्हा मऊ पडतं आणि आकार सोडतं. तेलाने तसं होत नाही.

बिकानेरचे उस्ता कारागीर उंटाच्या कातड्याच्या कुप्या याच रीतीने करून त्यांवर सोनेरी नक्षी काढतात. मुलतानचे उंटाच्या कातड्याचे दिवेही मातीच्या गाभ्यावरच होतात.

प्रतिसाद २

संस्कृतातही हे भांडं आहे. अमरकोशात 'कुतू' म्हणजे कातड्याचं स्नेहपात्र, म्हणजे तेला-तुपाचं भांडं. तेच लहान असेल तर 'कुतुप'. या लहानपणासाठी पाणिनीने एक अख्खं सूत्र खर्ची घातलं आहे (५.३.८९). शब्द रोजच्या बोलण्यात असल्याशिवाय व्याकरणकार असली उठाठेव करत नाही. मराठीत बुधला-बुधली, तिथे कुतू-कुतुप.

प्रतिसाद ३

क्रियापदाबद्दल. 'कमावणे' हा शब्द जवळचा वाटेल, पण तो आकाराचा नाही, त्याच्या आधीचा आहे. कातडं कमावणे म्हणजे चुन्यात टाकून केस काढणे, मग हिरडा नि बाभळीच्या सालीच्या पाण्यात मुरवणे. कोल्हापूरकडे तर कातड्याचीच पिशवी शिवून तीत सालीचं पाणी भरत आणि ती टांगून ठेवत. लोकांना 'कमावलेलं चामडं' हे पैसे कमावण्यावरून आलेलं रूपक वाटतं. क्रम उलटा आहे. कर्म, कम्म, काम, त्यावरून कमावणे: एखाद्या वस्तूवर राबून ती कामाजोगी करणे. 'कमावलेलं शरीर' म्हणतो तेव्हा हाच जुना अर्थ असतो. पैसा मागून आला.

प्रतिसाद ४

वरच्या प्रतिसादात 'कातडं' आणि 'चामडं' अदलाबदलीने आलेत. माझ्या कानाला अंगावरचं किंवा नुकतं सोललेलं ते कातडं, कमावलेलं ते चामडं. बुधला म्हणून कातड्याचा आणि पट्टा चामड्याचा. मात्र हा भेद सगळीकडे पाळतात असं नाही.

पखाल कमावलेल्या चामड्याची, कारण तिच्यात पाणी भरायचं. ती शिवलेली आणि लवचीक. आकार येतो तो पाण्याने. रेड्याच्या पाठीवर पखाल घालून पाणी वाहत, म्हणून 'दुखणं रेड्याला, डाग पखालीला'. डाग म्हणजे कपड्यावरचा नव्हे, तापल्या लोखंडाने जनावराला देतात तो. हल्ली वर्तमानपत्रांत 'आजार रेड्याला, इंजेक्शन पखालीला' असं छापून येतं. पखाल कुणी पाहिलेली नाही, पण म्हण स्वतःला सुधारून घेऊन चालते आहे!

प्रतिसाद ५

मोट राहिली की, विहिरीतून पाणी उपसायची चामड्याची मोठी पिशवी. तिला खाली सोंड असते. वर ओढायच्या जाड दोराला नाडा आणि सोंडेच्या दोराला सोंदूर म्हणतात. मोट वर आली की सोंड थारोळ्यात, म्हणजे विहिरीकाठच्या हौदात, सुटते आणि पाणी पाटाला लागतं. पुढे मोटा लोखंडी पत्र्याच्या झाल्या, तरी नाव तेच राहिलं. 'विरोधकांची मोट बांधली' यातली मोट विहिरीवरची समजू नका, ती गाठोड्याची.

प्रतिसाद ६

या धाग्यात एक गोष्ट सुटते आहे. कमावणारे आणि शिवणारे हात वेगळे होते. कातडं कमावणं, मोटा-पखाली करणं हे ढोर समाजाकडे, जोडे चर्मकारांकडे. भाषेने त्यांच्याकडून वस्तू घेतल्या, नावं घेतली आणि परतफेड काय केली, तर 'चांभारचौकशी'. हा शब्द मी वापरत नाही. 'नसत्या चौकशा' म्हटलं की काम भागतं.

प्रतिसाद ७

मूळ प्रश्नाकडे. मराठीत या कामाला एकच क्रियापद नाही, आणि पाडायची गरजही नाही. वस्तू बदलली की क्रिया बदलते. तबला, हलगी, संबळ *मढवतात*: ओलं कातडं तोंडावर ताणून वादीने आवळतात आणि वाळू देतात. जोडा *कालबुतावर चढवतात*: वरचं चामडं ओलवून लाकडी पायावर ओढायचं, तात्पुरत्या चुका मारायच्या, आकार धरला की कालबूत काढून घ्यायचं. बाजारात आता फर्मा किंवा सरळ 'लास्ट' ऐकू येतं. कोल्हापुरी चपलेला हे काही लागत नाही. तिचे तळ आणि पट्टे कापून चामड्याच्याच वादीने शिवतात, खिळा नाही. बाकीचा आकार घालणाऱ्याचा पाय देतो. युरोपात मध्ययुगात कमावलेलं चामडं गरम पाण्यात टाकून साच्यावर ठोकत. साधारण ७०-८० अंशांना चामडं आकसतं आणि गार झाल्यावर लाकडासारखं टणक होतं. चिलखतं त्याची करत, आणि आतून डांबर लावून पेलेसुद्धा. त्याला हवं तर 'उकळून घट्ट केलेलं चामडं' म्हणा. अनुवादात चार शब्द जास्त गेले तर बिघडत नाही.

प्रतिसाद ८

'कालबूत' फारसीतून आलं. तिथे कालबुद म्हणजे देह, आकृती, साचा. अभ्यासक त्याचा माग ग्रीकपर्यंत नेतात: कालोन म्हणजे लाकूड, पूस म्हणजे पाय, दोन्ही मिळून चांभाराचा लाकडी पाय. अरबीतला 'कालिब' म्हणजे साचा, तोही याच घरातला मानतात, आणि त्यावरून युरोपीय भाषांत गेलेला शब्द म्हणजे बंदुकीच्या नळीचा 'कॅलिबर'.

प्रश्नकर्ता

म्हणजे दिवटीजवळची बुधली धातूची झाली, अत्तराची कुपी काचेची झाली. अनुवादकाला 'कालबुतावर चढवणे' कळवतो. पुस्तकात प्रकरण जोड्यांचंच आहे, तेव्हा तिथे ते बसेल.