समोर काच असलेलं पीसीचं कॅबिनेट: वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात नकोच!

अकोलेकर: नवा पीसी जुळवतोय. धाकट्याला समोर काच आणि आत दिवे हवेत. माझ्या मते पुढा बंद असलेलं कॅबिनेट म्हणजे शोकेस. एनझेडएक्सटी कंपनीचं एच ५१० (२०१९) कॅबिनेट आठवा. देखणं, पण समोर सलग पत्रा, हवा आत यायला कडेला फटी आणि सोबतचे दोन्ही १२० मिमी पंखे हवा बाहेर फेकणारे. शेवटी २०२१ मध्ये त्याच कंपनीने पुढ्याला जाळी देऊन एच ५१० फ्लो काढलं.

धूळधाण: सध्या बाजारात जाळीचीच हवा आहे, दुसरं काय! माझं घर रस्त्यालगत. जाळीवाल्या कॅबिनेटला सतत ब्लोअर मारत बसावं लागतं, आणि रात्री त्याची घरघर वेगळीच. शिवाय रायझन ७९५०एक्स हा प्रोसेसर पूर्ण भारात ९५ अंशांवर चालावा असाच बनवलाय. मग आकडा बघून घाबरायचं कशाला?

अकोलेकर: ९५ ला पोचला की तो स्वतःच वेग आवरतो. कूलिंग कमी तेवढा वेग कमी, म्हणजे मोजलेल्या पैशांचं काम मिळत नाही. आणि धुळीचं गणित उलटं आहे, राव. पंखे नुसते बाहेर फेकणारे असले की आतला दाब घटतो आणि हवा मिळेल त्या फटीतून, फिल्टर चुकवून आत शिरते. समोर फिल्टरमागे दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा, एवढं केलं तर धूळ बरीचशी फिल्टरवरच अडते. घरघरीचं म्हणाल तर हवा मिळाली नाही की ग्राफिक कार्डाचेच पंखे आधी बोंबलतात.

धूळधाण: फिल्टर धुणार कोण? घरोघरी तो पहिल्या दिवशी बसतो आणि मग थेट पीसी विकताना दिसतो.

पाना-पकड: खोलीत ४२ अंश असतील तर कुठलाही पंखा त्याखाली नेणार नाही. आरटीएक्स ४०७० ग्राफिक कार्डाची २०० वॉटची उष्णता शेवटी खोलीतच येणार. वाद घालण्यापेक्षा कुणाकडे बंद पुढ्याचं कॅबिनेट असेल तर पुढा काढून अर्धा तास गेम चालवून बघा. दोन-तीन अंशांचा फरक असला तर काच राहू द्या. दहाचा असला तर अकोलेकरांचं बरोबर. आणि तो डबा टेबलाच्या बंद खणात कोंबला असेल, तर आधी बाहेर काढा!

धूळधाण: खणाचं शंभर टक्के मान्य. जाळीचं नाही.