कूलरचा सॉकेट वितळला, खाली कापूस होता. एफआर वायर टाकली की झालं का?

पारोळेकर
राम राम मंडळी. आमचं जुनं धाब्याचं घर. पुढच्या खोलीत कापूस भरलेला, भाव येईना म्हणून मे लागला तरी विकला नव्हता. परवा दुपारी आईला जळका वास आला. एकाच सॉकेटवर मल्टिप्लग लावून कूलर आणि इस्त्री चालू होती. सॉकेट वितळून थेंब गळत होते, त्यातला एक जळत जळत फरशीवर पडला. कापूस तिथून दोन हातांवर. आईने धावत जाऊन मेन स्विच पाडला म्हणून घर राहिलं.
आता सगळी वायरिंग नवी करतोय. वायरमन म्हणतो एफआर (फ्लेम रिटार्डंट, आग रोखणारी) टाका, ती पेटत नाही. दुकानदार म्हणतो एफआरएलएस (तीच, पण लो स्मोक, कमी धुराची) घ्या, पण तिच्या बंडलला पैसे जास्त. काय करू?

भुसावळ_वायरमन
भाऊ, आधी तो सॉकेट खोलून बघा. वायर फक्त टोकाशी काळी असेल तर स्क्रू ढिला होता.

जळगाव_कंपाउंड
काय भो, आई नीट आहे ना? दोन दिवस तिला एकटं सोडू नका, असा धसका लवकर जात नाही.
मी अठरा वर्षं एमआयडीसीत पीव्हीसी कंपाउंडमध्ये आहे, वायरीवर चढतो तो माल बनवतो. ‘पेटत नाही’ हे मनातून काढून टाका. एफआर वायर जाळ धरला तर जळते. जाळ काढला की विझते, आग पुढे पळवत नाही, एवढंच तिचं काम. पीव्हीसीत जवळपास 57 टक्के क्लोरीन असतं, म्हणून नुसतं पीव्हीसी सहज पेटत नाही. पण वायर वाकावी म्हणून त्यात तेल घालतो आणि जळतं ते तेल. मग अँटिमनी ट्रायऑक्साइड टाकतो, ते क्लोरीनच्या जोडीने ज्योत दाबतं. हवेत ऑक्सिजन 21 टक्के. आमच्या आवरणाला जळत राहायला निदान 29 टक्के लागला तरच माल पास.
एफआरएलएसमध्ये धूर आणि आम्लाचा वायू कमी. धाब्याच्या घराला एक दार, एखादी खिडकी. अशा खोलीत माणूस जाळाआधी धुराने गुदमरतो. झोपायच्या खोल्यांत तीच टाका, तिथे पैसे वाचवू नका.
पण तुमच्याकडे वायर पेटली नव्हती, गळलं ते सॉकेटचं प्लास्टिक. प्लास्टिकची एक चाचणी आहे, यूएल 94. पट्टी उभी टांगून दहा-दहा सेकंद दोनदा ज्योत लावतात आणि 300 मिलिमीटर खाली ठेवतात कापूस! व्ही-0 दर्जाचं प्लास्टिक दहा सेकंदांत विझतं, त्याच्या थेंबाने कापूस पेटता कामा नये. व्ही-2 मध्ये कापूस पेटला तरी चालतो. तुमच्या खोलीत हीच चाचणी झाली, दादा. जुनी काळी बॅकेलाइटची बटणं आठवा, ती काळवंडायची, तडकायची, पण गळायची नाहीत.
अजून एक. साध्या पीव्हीसी वायरीची मर्यादा 70 अंश, आणि वायर किती अँपियर झेलते याच्या तक्त्यातले आकडे 30 अंशांच्या हवेचे. आपल्या 45 अंशांत तीच वायर त्याच्या 79 टक्केच भार झेलते. कूलरच्या लाइनला अडीच चौरस एमएमची वायर घाला, इस्त्रीला वेगळा सोळा अँपियरचा पॉइंट.
आणि निघालेली वायर तांब्यासाठी जाळू नका, हात जोडून सांगतो. त्या धुरात डायऑक्सिन नावाचं विष असतं. भंगारवाल्यालाही सोलूनच द्या.

पारोळेकर
खोलला. वायर टोकाशीच काळी, स्क्रू बोटाने फिरत होता. कापूस मागच्या खोलीत हलवला, तिथे बोर्डच नाही. आई बरी आहे. सॉकेटवर व्ही-0 कुठे लिहिलेलं असतं?

जळगाव_कंपाउंड
बहुतेक वेळा दर्शनी भागावर नसतं. आयएसआयची खूण आणि आयएस 1293 (प्लग-सॉकेटचं भारतीय मानक) बघा, बाकी दुकानदाराकडे कंपनीचं कॅटलॉग मागा. दाखवत नसेल तर दुसरं दुकान गाठा.