पोलोत हार्नेस बसवायचाय, पण गाडी रोजची आहे

घाटरस्ता

गाडी पोलो जीटी टीएसआय, पाच सीटची, एमएच १२ पासिंग. रोज ऑफिसला जाते आणि वर्षातून दोनदा ट्रॅक-डेला (रेस ट्रॅकवर आपली गाडी पळवायचा दिवस), चेन्नईचा एमआयसी नाहीतर कोइमतूरचा कारी. वळणात अंग सीटवरून घसरतं, स्टीअरिंगला लोंबकळत गाडी चालवावी लागते, म्हणून हार्नेसचा (रेसिंगचा चार-सहा पट्ट्यांचा बेल्ट) विचार आहे. कार डेकोरवाला म्हणतो, चार पट्ट्यांचा लाल हार्नेस मूळ सीटवरच बसेल, खांद्याचे पट्टे मागच्या बेल्टच्या बोल्टला लावू आणि कंपनीचा बेल्ट काढून टाकू. दुसरा म्हणतो, दोन्ही बी-पिलरच्या (पुढच्या-मागच्या दारांमधले खांब) मध्ये आडवी दांडी मारून देतो. कोणाचं बरोबर? आणि आरटीओ, इन्शुरन्सचं काय?

टॉर्करेंच

दोघांचंही नाही.

कंपनीचा थ्री-पॉइंट बेल्ट काढू नका आणि रस्त्यावर तोच लावा. धडक बसली की आधी प्रीटेन्शनर ढिलाई ओढून घेतो, मग लोड लिमिटर ठरावीक ताणानंतर पट्टा थोडा थोडा सोडतो आणि छाती तोवर फुगलेल्या एअरबॅगवर येते. या तिन्हींची वेळ एकमेकांशी जुळवलेली असते. हार्नेस यातलं काहीच करत नाही, तो धड जागेवर बांधून ठेवतो. डोकं मात्र मोकळंच राहतं, वर हेल्मेटचं वजन, आणि सगळा झटका मानेवर जातो. म्हणून सिक्स-पॉइंट (सहा पट्ट्यांचा) हार्नेस लावलात तर हान्सही (हेल्मेटला बांधून मान सांभाळणारी खांद्यावरची चौकट) घ्यायचाच.

गाडी उलटली तर दुसरा धोका. थ्री-पॉइंटमध्ये माणूस बाजूला कलंडू शकतो. हार्नेसमध्ये तो ताठच राहतो आणि छत खाली येतं. मागे रोलबार किंवा हाफ केज (छत दबू न देणारी पोलादी पाइपची कमान किंवा चौकट) नसेल तर माझं उत्तर सरळ 'नको' असं आहे.

आता तो चार पट्ट्यांचा लाल प्रकार. खांद्याचे पट्टे आवळले की बकल वर खेचलं जातं, आणि कमरेचा पट्टा हाडावरून सरकून पोटावर येतो. समोरून धडक बसली की माणूस पट्ट्याखालून निसटतो आणि पट्टा आतड्यांत रुततो. सिक्स-पॉइंटमधले जांघेचे दोन पट्टे बकल खाली धरून ठेवतात, ते काही शोभेला नसतात. चार पट्ट्यांत अपवाद श्रॉथ या हार्नेस कंपनीच्या एएसएम प्रकाराचा. त्यात आतल्या बाजूच्या, म्हणजे गिअरकडच्या, खांद्याच्या पट्ट्यात एक घडी शिवलेली असते. धडकेत ती उसवते, तो खांदा थोडा पुढे जातो, धड किंचित वळतं आणि कंबर जागेवर राहते. पण तो ठरावीक गाड्या आणि ठरावीक सीटसाठीच मंजूर असतो. यादीत तुमची गाडी नसेल तर विषय तिथेच संपला.

पासिंगवाला

कायद्याचं सांगतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या (सीएमव्हीआर) नियम १२५ प्रमाणे गाडीत मानकानुसारचा सीटबेल्ट असावा लागतो, आणि नियम १३८(३) प्रमाणे चालकाने व पुढच्या सीटवरच्याने तो लावावा लागतो. नाही लावला तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ब, दंड १,००० रुपये. हार्नेसवरचं एफआयएचं (मोटर रेसिंगची जागतिक संघटना) लेबल स्पर्धेपुरतं असतं, रस्त्याच्या मानकाची जागा ते घेत नाही. चौकात हवालदाराने सोडलं म्हणजे बेल्ट कायदेशीर झाला, असं होत नाही.

मोठी अडचण कलम ५२ ची. आरसीतल्या नोंदींशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि केला तर मालकावर १८२अ(४): प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हाफ केज टाकून मागची सीट काढलीत की आरसीवर पाच आसनं आणि गाडीत दोन, हा सरळ सापडणारा फरक. अपघातानंतर इन्शुरन्सचा सर्व्हेयर नेमकं हेच बघतो. म्हणून केज बोल्ट-इन घ्या, ट्रॅकपुरती लावा, आणि जाता-येता गाडी फ्लॅटबेडवर (गाडी वाहून नेणारा ट्रक) न्या. खर्च आहे, पण क्लेम अडकण्यापेक्षा परवडतो.

बेल्टचा अलार्म गप्प करायला मिळणाऱ्या क्लिपा घेऊ नका. २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्रेत्यांना त्या काढून टाकायला लावल्या होत्या.

पत्राकाम

फिटिंगचं मी सांगतो. एफआयएच्या स्पर्धा-नियमांतल्या अपेंडिक्स जे मधलं कलम २५३ हाच आपला आधार धरा.

सीट आधी. पाठ कलणाऱ्या मूळ सीटला खांद्याच्या पट्ट्यांसाठी भोकं नसतात, त्यामुळे पट्टे बाजूला घसरतात. वर पट्टे पाठीमागून खाली उतरत असले की धडकेत सीटची पाठच दाबली जाते. फिक्स्ड बकेट (पाठ न कलणारी, पट्ट्यांसाठी भोकं असलेली रेसिंग सीट) घ्या. पण इथे बरेचजण फसतात: बहुतेक गाड्यांत थ्री-पॉइंटचं बकल सीटच्या फ्रेमलाच असतं. सीट निघाली की बकलही निघालं, आणि रस्त्यावर लावायचा बेल्ट गेला. बकलसाठी जागा असलेला साइड माउंट (सीट मजल्याला धरणारा बाजूचा ब्रॅकेट) मागा. सीटखालच्या वायरी सोडवण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबा, पिवळं कनेक्टर एअरबॅगच्या सर्किटचं असतं.

खांद्याचे पट्टे पाठीच्या वरच्या कडेपासून मागे आडव्याला ४५ अंशांपेक्षा जास्त खाली जाता कामा नयेत. शिफारस १० अंशांच्या आत ठेवण्याची आहे. वरून पाहिलं तर सीटच्या मध्यरेषेपासून २० अंशांपेक्षा जास्त फाकलेले किंवा जवळ आलेले नकोत. तिरपा पट्टा धडकेत खांदे खाली दाबतो आणि सगळा भार मणक्यावर येतो.

बोल्ट ७/१६ यूएनएफ (इंची मापाचा, बारीक आट्यांचा) किंवा एम१२ ८.८ (१२ मिमीचा, ८.८ ताकदीच्या दर्जाचा). कंपनीच्या बेल्टचे बोल्ट बहुधा ७/१६ यूएनएफच असतात. ते आणि एम१२ दिसायला भावंडं आहेत, पण आटे वेगळे. दोन फेरे हाताने गेला म्हणून पाना लावलात तर नटचे आटे गेलेच. दोन पट्ट्या एकाच बोल्टवर बसवायच्या असतील तर लांब बोल्ट घ्या. नटमध्ये निदान ११ मिमी आटे धरले पाहिजेत, आणि कंपनीच्या बेल्टची पट्टी बोल्टभोवती मोकळी फिरली पाहिजे.

नवीन भोक पाडायचं तर पत्र्याच्या पलीकडून, म्हणजे ओढ ज्या बाजूला आहे त्याच्या उलट बाजूला, पोलादी प्लेट: किमान ३ मिमी जाड, ४० चौ. सेंमी. ६५ × ६५ मिमीचा तुकडा कापला की झालं. कोपरे ग्राइंडरने गोल करा, नाहीतर कोपराच पत्रा फाडतो. मोठा वायसर चालत नाही, तो ताणाखाली वाटीसारखा वाकून भोकातून बाहेर येतो. खांदा-कमरेच्या प्रत्येक जागेने १,४७० डेकान्यूटन, म्हणजे साधारण दीड टन, ओढ सोसली पाहिजे. जांघेच्या जागेने ७२०. ड्रिल मारण्याआधी गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघा, ब्रेक आणि पेट्रोलचे पाइप तिथूनच जातात. भोकाच्या कडांना झिंक प्रायमर, वर सीलर, नाहीतर दोन पावसाळ्यांत प्लेटखाली गंज.

सीटला किंवा सीटच्या फ्रेमला हार्नेस बांधू नका, कलम २५३ मध्ये ते सरळ निषिद्ध आहे. आयसोफिक्सच्या (लहान मुलांची सीट अडकवायच्या) कड्याही याच्यासाठी नाहीत.

आयबोल्ट (डोक्याला कडी असलेला बोल्ट) लावलात तर त्याचा खांदा, म्हणजे कडीखालची रुंद कड, पत्र्याला टेकला पाहिजे. मध्ये फट राहिली की आडव्या ओढीने दांडा वाकतो. हूक अडकवल्यावर त्याच्या भोकात कॉटर पिन घाला.

घाटरस्ता

मग मागच्या बेल्टचे बोल्ट वापरता येतील ना? आणि त्या आडव्या दांडीत काय वाईट आहे?

पत्राकाम

मोजून बघा. तुम्ही बसल्यावर सीटच्या पट्ट्याच्या भोकातून मागच्या बोल्टपर्यंत सुतळी ताणा. आडवं अंतर आणि उतार, दोन्ही टेपने घ्या. आडवं ९० सेंमी आणि उतार ६० सेंमी आला तर कोन जवळपास ३४ अंश, नियमात बसतो. उतार आडव्या अंतराइतका झाला की ४५, तिथे थांबायचं. १० अंश हवे असतील तर ९० ला जेमतेम १६ सेंमी उतार चालेल, जो मजल्यावरच्या बोल्टला मिळणं शक्य नाही. शिवाय पट्टा जितका लांब तितका तो ताणतो आणि डोकं तितकं पुढे जातं.

म्हणून आडवा पाइप हवा, पण केजमधला. पट्ट्यांचा पाइप ३८ × २.५ किंवा ४० × २ मिमी, मुख्य कमान ४५ × २.५ किंवा ५० × २ मिमी, सीमलेस पोलाद. कमानीच्या पायाखाली १२० चौ. सेंमीची ३ मिमी प्लेट आणि किमान तीन एम८ बोल्ट. बी-पिलरच्या वरच्या बोल्टमध्ये अडकवलेली दांडी वेगळी. तो बोल्ट एका माणसाच्या पट्ट्याची ओढ एका दिशेने घेण्यासाठी असतो, दोघांच्या खांद्यांची मागून पुढे नाही. दांडी मध्यात वाकते, आणि छतासाठी तिचा काही उपयोग नाही.

पाइपला पट्टा गुंडाळताना तीन कड्यांची बकल (पोटावरचं नव्हे, पट्टा ओवून अडकवायची) पाइपच्या अगदी जवळ ठेवा. पट्टा फिरून परत तिच्यातूनच जातो, आणि शेपूट निदान १० सेंमी सोडा. पट्टा एका बाजूला गोळा होत असेल तर कोन चुकलाय. ताणाखाली तो कडेपासून फाटतो.

टॉर्करेंच

आवळण्याचा क्रम राहिला. आधी कमरेचा, हाडावर, शक्य तितका घट्ट. बाजूने पाहिलं तर तो आडव्याशी ४५ ते ६५ अंशांत. मग खांद्याचे, शेवटी जांघेचे हलके. उलटं केलंत तर बकल पोटावर येतं.

विकत घेताना लेबल बघा: एफआयए ८८५३-२०१६, होलोग्राम आणि वैधतेचं वर्ष. एसएफआय या अमेरिकी संस्थेचं १६.१ लेबल असेल तर मुदत दोन वर्षांची. मॉडेलचं नाव एफआयएच्या मंजूर यादीत तपासा, ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त लाल-निळ्या मालात शिवलेली लेबलंही नकली असतात. एकदा धडकेत ताणलेला हार्नेस, दिसायला नवा असला तरी, कापून टाका.

घाटरस्ता

सुतळी लावली. आडवं ८२, उतार ८५.

पत्राकाम

म्हणजे ४६. नाही चालणार. सध्या मूळ बेल्टवरच एक करा: सीट एक खाच मागे, बेल्ट छातीवरून झटका देऊन लॉक करा, आणि लॉक असतानाच सीट पुढे घ्या. वळणात बराच फरक पडेल. पेडल पूर्ण दाबलं जातंय ना, तेवढं निघण्याआधी बघा.