फातिमा बीवी: ‘पहिल्या महिला न्यायाधीश’ एवढंच?

लिंबलोण (धागाकर्ता)
न्या. फातिमा बीवींचं नाव निघालं की एकच ओळ ऐकू येते: सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायाधीश, 1989. स्पर्धा परीक्षावाले ती पाठ करतात आणि पुढच्या प्रश्नाला लागतात. मला त्यांच्या कारकिर्दीतली मोठी गोष्ट वेगळीच वाटते. बाई मुन्सफ (सगळ्यात खालच्या दिवाणी कोर्टाच्या न्यायाधीश) म्हणून लागल्या होत्या! बी.एस्सी. झालेल्या मुलीला वडिलांनी कायद्याला घातलं, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर अण्णा चंडी होत्या (1937 साली त्रावणकोरात मुन्सफ, 1959 साली केरळ उच्च न्यायालयात). 1950 मध्ये वकिलीची सनद, मग वकिली, 1958 साली मुन्सफ, 1968 साली सबजज, 1974 साली जिल्हा व सत्र न्यायाधीश, मध्ये आयकर अपील न्यायाधिकरण आणि 1983 साली उच्च न्यायालय.

मुन्सफ कोर्ट म्हणजे बांधाचे, भाड्याचे, उसनवारीचे दावे. साक्षीदार समोर उभा, आणि त्याची साक्ष न्यायाधीशानेच उतरवून घ्यायची. तिथून निघालेलं माणूस दिल्लीपर्यंत क्वचितच पोचतं, बाई असो की बाप्या. बहुतेकांची वाट वकिलीतून थेट उच्च न्यायालयात जाते. पटत नसेल तर बोला.

खडूस
नाही पटत. बाई एप्रिल 1989 मध्ये उच्च न्यायालयातून निवृत्त झाल्या आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना सर्वोच्च न्यायालयात घेतलं. एप्रिल 1992 मध्ये पुन्हा निवृत्त. अडीच वर्षं! 1950 पासून तिथे एकही बाई नव्हती, ती लाज झाकायला केलेली नेमणूक होती ही. मुन्सफ-बिन्सफ तुम्ही आता मागून चिकटवताय.

वकीलीणबाई
लाज झाकायला बसवलं असेल हो, पण काम कोणी केलं? कर्नाटकातल्या झोपडपट्टीवासीयांचा 1991 चा निकाल काढून बघा. आधी जाहीर केलेलं झोपडपट्टी निर्मूलन क्षेत्र सरकारने मागे घेतलं आणि कमी करून पुन्हा जाहीर केलं. ज्यांच्या वस्त्या बाहेर पडल्या त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. ज्याला फटका बसणार त्याचं आधी ऐकून घ्या, असं कोर्टाने सांगितलं. मुन्सफ कोर्टात वर्षानुवर्षं लोकांचं ऐकलेल्या न्यायाधीशाला हे कोणी शिकवावं लागत नाही.

आणि अडीच वर्षांचं म्हणाल, तर हिशेब मांडा. उच्च न्यायालयात 62 ला निवृत्ती, सर्वोच्च न्यायालयात 65 ला. बीवी उच्च न्यायालयात पोचल्या तेव्हा वय 56. सर्वोच्च न्यायालयातल्या न्या. नागरत्ना 2008 साली उच्च न्यायालयात पोचल्या तेव्हा 45. म्हणून तर 2027 मध्ये त्यांना सरन्यायाधीशपद मिळायची शक्यता आहे, तेही जेमतेम महिनाभर. बायकांना वर घेतात ते उशिरा, मग त्यांची कारकीर्द आखूड निघाली की आपणच म्हणायचं, ‘अडीच वर्षांत काय केलं?’

पानसुपारी
यात रुमा पाल यांचं प्रकरण घाला. 28 जानेवारी 2000 ला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन नव्या न्यायाधीशांचा शपथविधी एकाच दिवशी, त्यात पाल आणि वाय. के. सभरवाल. ज्येष्ठता ठरली शपथ कोणी आधी घेतली त्यावर. सभरवाल पुढे, पाल मागे. 2005 मध्ये सभरवाल सरन्यायाधीश झाले, आणि पालबाई 2006 च्या जूनमध्ये निवृत्त. क्रम उलटा असता तर सात महिने का होईना, पहिली महिला सरन्यायाधीश तेव्हाच झाली असती.

खडूस
विषय फातिमा बीवींचा आहे, रुमा पालांचा नाही. 2001 वर कोणीच बोलत नाहीये, ते का? तामिळनाडूच्या राज्यपाल असताना त्यांनी जयललितांना मुख्यमंत्रिपदाची शपथ दिली. तानसी या सरकारी कंपनीच्या जमीन-खरेदी प्रकरणात शिक्षा झालेली, उमेदवारी अर्ज फेटाळलेले. सप्टेंबरमध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती नेमणूक रद्द केली. आयुष्यभर कायदा वाचलेल्या बाईंना हे दिसलं नाही?

लिंबलोण
घटनेचं कलम 164(4) आहे ना. आमदार नसलेल्यालाही सहा महिने मंत्री राहता येतं. सभागृहात जयललितांच्या पक्षाला स्पष्ट बहुमत होतं. राज्यपालांनी बहुमत बघितलं, यात गैर काय?

अपिलात_भेटू
गैर हेच की 164(4) ची सवलत आज आमदार नसलेल्यासाठी आहे, आमदार व्हायलाच अपात्र असलेल्यासाठी नाही. घटनापीठाने नेमकं हेच सांगितलं. लोकांनी निवडून दिलं म्हणून अपात्रता पुसली जात नाही. मी फातिमा बीवींना मानतो, तरी इथे त्यांची बाजू घेता येत नाही. जूनअखेर माजी मुख्यमंत्री करुणानिधींना पोलिसांनी मध्यरात्री उचललं, त्यावर राज्यपालांनी पाठवलेला अहवाल केंद्राला पटला नाही, केंद्रीय मंत्रिमंडळाने राज्यपालांना परत बोलवायचं ठरवलं आणि बीवींनी राजीनामा दिला. एका नेमणुकीची किंमत त्यांच्या सगळ्या कारकिर्दीने मोजली.

वकीलीणबाई
कारकिर्दीने का मोजावी? ती नेमणूक राज्यपालांची होती, न्यायाधीशाची नव्हे. सदाशिवम तर सरन्यायाधीशपदावरून उतरून 2014 मध्ये केरळच्या राजभवनात गेले, तेव्हाही आरडाओरडा झालाच. पण त्यांचे निकाल कोणी त्यावरून जोखले नाहीत. खडूस, तुमच्या तराजूत बाईंच्या पारड्यातच राजभवन का?

खडूस
सदाशिवमांनाही मी सोडलं नसतं. निवृत्तीनंतर राजभवन हा प्रकारच बंद करा, स्त्री-पुरुष दोघांसाठी. आणि लिंबलोण, मुन्सफ कोर्टाचं एवढं कौतुक आहे तर हे सांगा: 2021 पर्यंत सर्वोच्च न्यायालयात 11 महिला आल्या. त्यातल्या खालच्या कोर्टात न्यायाधीश राहिलेल्या किती?

लिंबलोण
फातिमा बीवी, बानुमती, बेला त्रिवेदी. पटकन आठवतात त्या तीन.